'पोस्टपोन' की 'डिले'?

चि.,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या टीमला पाठवायचा मेलचा मसुदा वाचला. त्यात जागोजागी 'मीटिंग डिले केली आहे' असं आलंय, तिथे 'पोस्टपोन' हवं. ठरलेला कार्यक्रम सुरू होण्याआधीच कुणी विचार करून पुढच्या तारखेवर नेला, की तो पोस्टपोन झाला. टोकियो ऑलिंपिक २४ जुलै २०२० ला सुरू व्हायचं होतं. कोरोनामुळे मार्चमध्येच निर्णय झाला आणि उद्घाटन २३ जुलै २०२१ ला झालं. (नाव मात्र 'टोकियो २०२०'च ठेवलं!) डिले म्हणजे बहुधा नुसता खोळंबा: धुक्यामुळे विमान रखडलं, पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला. आणि चालू सभा मध्येच थांबवली तर ते ॲडजर्न, म्हणजे आपलं 'तहकूब'.

खरी गोम आहे 'फॉरवर्ड'मध्ये. 'परीक्षा पुढे गेली' म्हटलं की आपण अभ्यासाला आणखी दिवस मिळाले म्हणून खूश होतो. इंग्रजांचं 'ब्रिंग फॉरवर्ड' नेमकं उलटं. शुक्रवारची बैठक बुधवारी घेतली तर ते असं म्हणतात. उशिरा नेली तर 'पुट बॅक'. 'मूव्ह फॉरवर्ड'वर तर त्यांचंही एकमत नाही. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' नेली, तर आता ती कधी? मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न इंग्रजी भाषकांना विचारून पाहिलाय. काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. म्हणून क्रियापद कुठलंही वापर, पण शेजारी वार आणि तारीख लिहीच.

'प्रीपोन'ला हसणाऱ्यांचं मला पटत नाही. १९१३ सालीच न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात हा शब्द सुचवलेला आहे, आता तो ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात खुशाल वापर. लंडनचा माणूस मात्र त्यावर अडखळेल, त्याला 'ब्रिंग फॉरवर्ड'च लिही.

अमेरिकेशी पत्रव्यवहार सुरू झाला की 'टेबल' जपून. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला आणणं, अमेरिकेत तोच बाजूला ठेवणं.

आणि हो, 'पोस्टपोन टू सेंड' नाही, 'पोस्टपोन सेंडिंग'. तेवढं दुरुस्त करून मसुदा उद्या सकाळी पाठव. मी दुपारी बाहेर आहे.