नर्सेसचा एआयबद्दलचा दृष्टिकोन मोजायला तयार स्केल घ्यावी की स्वतःची प्रश्नावली बनवावी?

नवी मुंबईतल्या दोन हॉस्पिटलांमधल्या नर्सेसवर एमएस्सीचा प्रबंध करताय, असं तुम्ही लिहिलंय. मी नेरुळला नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझं मत विचाराल तर तयार स्केल घ्या, पण तेवढ्यावर भागणार नाही.

शेपमन आणि रॉडवे या संशोधकांची २०२० सालची जीएएआयएस, म्हणजे एआयबद्दलचा सर्वसाधारण दृष्टिकोन मोजणारी स्केल, चांगली आहे. २० विधानं, त्यातली १२ सकारात्मक, ८ नकारात्मक, प्रत्येकाला पाच पर्याय. नकारात्मक विधानांचे गुण उलटे धरायचे आणि दोन्ही गटांची सरासरी वेगवेगळी मांडायची. सगळ्याची एकच बेरीज करून ‘दृष्टिकोन अनुकूल’ लिहून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. पण एकाच सिस्टरला एआय उपयोगी वाटतं आणि त्याची धास्तीही वाटते. बेरीज केली की ती बिचारी ‘तटस्थ’ ठरते!

खरी अडचण वेगळीच. ही स्केल एकूण एआयबद्दल विचारते, वॉर्डातल्या कामाबद्दल नाही. एआय म्हटलं की कुणाला मोबाइलवरचं चॅटजीपीटी आठवतं, कुणाला रोबो. म्हणून सोबत एक प्रसंग द्या. रात्रीचे तीन. नाडी, श्वास, ऑक्सिजनच्या आकड्यांवरून सिस्टीम सांगते की पाच नंबरचा पेशंट बिघडण्याची शक्यता आहे. तुम्ही जाऊन बघता तर तो शांत झोपलाय, बीपी ठीक. ड्युटीवरच्या डॉक्टरांना, आरएमओंना, उठवाल? नाही उठवलं आणि पहाटे तो खरंच बिघडला, तर बोलणी कोण खाणार? यावर पाच-सहा विधानं लिहा आणि आयसीयूतल्या अनुभवी सिस्टरांकडून तपासून घ्या. एका विधानात एकच गोष्ट हवी. ‘एआयमुळे वेळ वाचतो आणि चुका कमी होतात’ यातलं अर्धंच पटणारीने खूण कुठे करायची?

असं काही प्रत्यक्ष वापरलंय का, हेही विचारा. वापरलेल्या आणि न वापरलेल्यांची उत्तरं एकत्र कालवू नका.

फॉर्म इनचार्ज सिस्टरच्या हातून वाटू नका, सगळीकडे ‘सहमत’च येईल. ड्युटी बदलताना ओव्हर देण्या-घेण्याच्या गडबडीतही नको. नाव नको हे तर उघडच आहे, पण आठ जणींच्या युनिटमध्ये नेमकं वय आणि अनुभवाची वर्षं लिहून घेतली तरी माणूस ओळखू येतं, तेव्हा वयाचे आणि अनुभवाचे गट द्या. आपल्याकडे केरळच्या सिस्टर बऱ्याच असतात, त्यामुळे मराठीबरोबर इंग्रजी फॉर्मही ठेवा.

आणि क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, तुमच्या स्वतःच्या नमुन्यावर काढा, सकारात्मक आणि नकारात्मक विधानांचा आणि प्रसंगावरच्या विधानांचा वेगवेगळा. मूळ पेपरमधला आकडा तसाच उचललात तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न तिथेच येतो.