आजेसासऱ्यांची फरशी उखडायची का?

प्रश्न : ताराबाई पार्कात आमचा १९३८ सालचा बंगला आहे. खाली नक्षीच्या सिमेंट टाइल्स, वर सागवानी तुळयांवर फळ्यांची जमीन. टाइल्सचं तेज गेलंय, पावसाळ्यात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पांढरा खार फुटतो. मुलाला खाली-वर इटालियन मार्बल हवाय. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. पैशाची अडचण नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी वरचा मजला, कारण तिथली चूक डोक्यावर येते. १८ मिलिमीटरचा मार्बल चौरस फुटाला साडेचार-पाच किलो आणि खालचा दीड इंच मसाला सात-आठ किलो. १५ बाय २०च्या खोलीत साडेतीन टन झाले! शिवाय लाकूड चालताना दबतं, ते मार्बलला सोसत नाही. वाळवी बघून घ्या, फळ्या तासून पॉलिश करा. वरचा विषय संपला.

खालचा खार टाइल्सचा दोष नाही. जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मार्बल टाकलात तरी ओल तिथंच राहणार, वर डाग पाडणार. दोन फुटी प्लास्टिक कोपऱ्यात चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. खाली दव धरलं तर भिंतीच्या बाहेर जाऊन बघा. बहुतेक वेळा फुटकी पन्हळ नाहीतर भिंतीला चिकटून केलेला फुलांचा वाफा निघतो.

या टाइल्स भट्टीत भाजलेल्या नसतात, दाबून केलेल्या असतात. रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा. पॉलिशवाला मोझॅकसारखं मशीन दाबायला लागला तर नक्षीच जाईल, म्हणून आधी दाराआडच्या एका टाइलवर करून दाखवायला सांगा. ॲसिड तर घरातच आणू नका. रुपयाच्या नाण्यानं वाजवत जा. बद्द वाजेल ती उचलून, मसाला बदलून तीच परत बसवा.

जुन्यावरच नवी फरशी टाकू, असंही कुणी सुचवेल. मग दारं तासावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी दीड-दोन इंचांनी बुटकी होते. सासूबाईंचा पाय नेमका तिथं चुकेल. त्यांच्या न्हाणीघरात आणि पोर्चमध्ये मात्र खरखरीत फरशी घ्या, चकचकीत नको.

मार्बलची हौस मीही केली. पांढऱ्या रश्श्याच्या जेवणानंतर लिंबाची एक फोड रात्रभर जमिनीवर राहिली. सकाळी रुपयाएवढं निस्तेज वर्तुळ. पुसून जाणार कसं? आंबटानं पॉलिशच खाल्लेलं. पाव्हण्यांना दिसू नये म्हणून अजून तिथं पाट ठेवतो.

मुलाचं मन मोडवत नसेल तर देवघरात करा मार्बल. फुटलेल्या टाइल्सना जोड शोधत बाजारभर फिरू नका. भिंतीतल्या कपाटांखाली अख्ख्या मिळतात. तिथं शहाबादी घाला, त्या काढून बाहेर वापरा. किती निघतील ते आधी मोजा, मग मिस्त्रीला बोलवा.