पॉवरबोटीच्या बांधणीबद्दल मालकांचं म्हणणं किती खरं धरायचं?

तुम्ही विचारलंय की साधारण 20 फुटांची जुनी पॉवरबोट घ्यायची आहे, पण एकाच मॉडेलबद्दल एक मालक ‘एकदम दणकट’ म्हणतो आणि दुसरा ‘चुकूनही घेऊ नका’ असं बजावतो. मग ऐकायचं कोणाचं?

बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. फरक इतकाच की एकाने बोट नुसती चालवलेली असते आणि दुसऱ्याने उघडून पाहिलेली असते. बांधणीबद्दल मत विचारायचं तर या दुसऱ्याला विचारा. हे मी स्वतःच्या बोटीवर शिकलो, म्हणून आधी तेच सांगतो.

माझी पहिली बोट फायबरची होती, मागे आउटबोर्ड इंजिन. तीन वर्षं जो विचारेल त्याला मी छातीठोकपणे सांगत होतो की बांधणी उत्तम आहे. लाटांत कुठे करकर नाही, रंग चकचकीत, दारं घट्ट बसतात. चौथ्या वर्षी खोली मोजायच्या यंत्राचा सेन्सर बदलायचा होता. तो मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, पाण्याच्या पातळीखाली दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. पेचकस लावला आणि स्क्रू जवळजवळ बोटांनीच फिरून बाहेर आला. मागोमाग भोकातून चहाच्या रंगाचं पाणी. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. बोट तीन दिवस जमिनीवर कोरडी उभी होती, तरी. दुसऱ्या भोकात ड्रिल घातलं तर लाकडाचा कोरडा भुसा यायच्या ऐवजी काळपट चिखल आला, कुजलेल्या पानांच्या वासाचा.

फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड कुजलं होतं. इंजिनाचा सगळा भार आणि सगळा जोर ज्या भिंतीवर येतो, ती भिंत. कारण शोधलं तेव्हा कळलं की आधीच्या कोणीतरी सेन्सर बसवताना भोकांत सीलंट भरलंच नव्हतं. म्हणजे बनवणाऱ्याचा दोष नव्हता, आणि माझं तीन वर्षांचं प्रामाणिक मत काही कामाचं नव्हतं. भिंत आतून कापून काढली, नवीन मरीन प्लाय इपॉक्सीने बसवून वर काचेच्या कापडाचे थर दिले. त्यात सबंध हंगाम गेला.

फायबरची बोट बाहेरून आत बनते, हे लक्षात घेतलं की मालकांची मतं का फसतात ते कळतं. साच्याला आधी मेण लावतात, त्यावर जेलकोट फवारतात. हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. रंग आणि चमक त्याची, पण ताकद त्याची नाही. मग काचेचे तंतू आणि रेझिन यांचे थर चढतात, त्यानंतर तळाला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर. डेक वेगळ्या साच्यात तयार होतो आणि शेवटी डब्यावर झाकण बसवावं तसा तळावर बसवून जोडतात. एकदा जोडला की आतलं काम कायमचं झाकलं जातं. पहिल्या वर्षी मालक जे पाहतो ते म्हणजे तो अर्धा मिलिमीटर, गाद्या आणि डॅशबोर्ड. त्याचं मत बहुतेक त्यावरच बनतं.

गाद्यांच्या तक्रारी तर सगळ्यात जास्त ऐकू येतात. रेक्झिन शाबूत असतं पण उन्हाने शिवणीचा दोरा आधी जातो आणि शिवण उसवते. त्रास आहे, मान्य, पण गाद्या शिवून मिळतात. त्यावरून बोट नापसंत करू नका.

‘जड बोट म्हणजे मजबूत बोट’ हे मालकांचं दुसरं आवडतं माप. ताकद मुख्यतः काचेच्या तंतूंत असते, रेझिन ते तंतू धरून ठेवतं. हाताने थर देताना वजनात निम्म्याहून जास्त रेझिनच असणं नेहमीचं आहे. निर्वात पद्धतीने रेझिन ओढून घेतलं की जादा रेझिन उरत नाही, त्यामुळे तितकीच किंवा जास्त ताकद कमी वजनात मिळते. तेव्हा जड बोट मजबूत असू शकते, तशीच ती नुसती रेझिनने भरलेली असू शकते, किंवा आतला फोम पाणी पिऊन बसलेला असू शकतो. ट्रेलरसकट वजन करून घ्या, ट्रेलरचं, इंधनाचं आणि सामानाचं वजन वजा करा, छापील आकड्यात इंजिन धरलेलं नसेल तर त्याचंही करा, आणि कंपनीने छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. शंभर-दोनशे किलोंचा हिशेब लागत नसेल, तर बहुधा ते पाणीच आहे.

लाटांत आपटते म्हणून ‘बांधणी कच्ची’ म्हणणारेही पुष्कळ भेटतील. ते बऱ्याचदा आकाराबद्दल बोलत असतात. सपाट तळाची बोट चांगली बांधलेली असली तरी लाटेवर आपटणारच. 1960 च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात रिचर्ड बर्ट्रामची ‘मॉपी’ ही बोट जिंकली, तेव्हा रे हंटने आखलेल्या खोल व्ही आकाराच्या तळाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तळाचा तो उतार मागच्या टोकापर्यंत जवळपास 24 अंशांचा होता. असा तळ लाट कापत जातो, पण त्याला इंजिन जास्त ताकदीचं लागतं आणि उभी असताना बोट जास्त डुलते. म्हणून मालकाने ‘आपटते’ म्हटलं की आधी तळाचा कोन पाहा, बांधणीचा विचार मग.

आता कंपन्यांच्या नावाबद्दल. बोस्टन व्हेलर या अमेरिकन कंपनीची पहिली 13 फुटी बोट 1958 ची. दोन थरांमध्ये फोम भरलेला, म्हणून पाणी भरलं तरी बुडत नाही. 1961 मध्ये ‘लाइफ’ मासिकात ती करवतीने मधोमध कापतानाचे फोटो आले, आणि तेव्हापासून हे नाव मजबुतीसाठी घेतलं जातं. रास्तच आहे ते. पण त्याच बोटीला पुढच्या मालकांनी जागोजागी भोकं पाडली आणि नीट बंद केली नाहीत, तर फोममध्ये पाणी शिरतं आणि ते बाहेर काढणं फार कठीण जातं. जुनी व्हेलर घेणारे जाणकार वजनाकडे बारकाईने पाहतात ते याच कारणाने.

नाव तेच राहतं आणि मालक बदलतो, हेही ध्यानात ठेवा. जेनमार या अमेरिकन समूहाकडे बोटींचे अनेक ब्रँड होते. 2009 मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि ते ब्रँड नवीन मालकांकडे गेले. तेव्हा कोणी तुम्हाला एखाद्या ब्रँडबद्दल सांगत असेल तर आधी विचारा, ‘तुमची कोणत्या वर्षाची?’ अमेरिकेत बनलेल्या बोटीच्या मागच्या भिंतीवर उजवीकडे 12 अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. आताच्या पद्धतीत शेवटच्या चार जागांपैकी पहिलं अक्षर महिन्याचं, त्यापुढचा अंक वर्षाचा आणि शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. विकणारा सांगतो ते वर्ष त्याच्याशी जुळतं का, हे बोटीपाशी उभं राहूनच पाहता येतं.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींना अ, ब, क, ड अशा चार श्रेणी असतात. तिसरी श्रेणी म्हणजे वाऱ्याचं बळ (ब्यूफोर्ट मापाने) 6 पर्यंत आणि लाट 2 मीटरपर्यंत, दुसरी म्हणजे बळ 8 आणि 4 मीटरपर्यंत. काही मालक वरची श्रेणी पदकासारखी मिरवतात. बोट किती खराब पाण्यासाठी आखली आहे, ते श्रेणी सांगते. आत वायरिंग कसं ओढलंय, हे काही ती सांगत नाही.

लाकूड की फोम, या वादात मात्र मी नेहमी भांडतो, कारण यात खूप लोक फसतात. ‘आमच्या बोटीत लाकूड अजिबात नाही’ हे वाक्य ऐकलं की ऐकणारा निश्चिंत होतो. लाकूड नसलं तर कुजत नाही, खरं आहे. पण फोमच्या गाभ्यातही, म्हणजे फायबरच्या दोन थरांमधल्या भरावातही, पाणी शिरतं, आणि मग वरचा थर गाभ्यापासून सुटतो. उलट सगळ्या कडा आणि भोकं नीट बंद केलेलं प्लायवूड कित्येक दशकं टिकलेलं आहे. मुद्दा भोकांचा आहे. डेकवरचा प्रत्येक स्क्रू, दोर बांधायचा प्रत्येक खुंटा म्हणजे क्लीट, मासेमारीच्या काठीचा प्रत्येक धारक म्हणजे पाण्याला आत जायची एक वाट. चांगला बनवणारा त्या जागचा गाभा काढून तिथे भरीव थर देतो. घाईत काम उरकणारा थेट गाभ्यातून स्क्रू पिळतो.

म्हणून बोट पाहायला गेलात की दोर बांधायच्या क्लीटखाली हात घाला. हाताला धातूची किंवा फायबरची जाड पट्टी लागली तर ताण मोठ्या भागावर विभागला जातोय. नुसते वॉशर लागले, आणि वर जेलकोटवर चांदणीसारख्या बारीक चिरा दिसल्या, तर तिथे डेक वाकतोय. नंतर प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने डेक आणि ट्रान्सम वीतभर अंतराने ठोकत जा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या किंवा ओल्या जागी बद्द. पाच मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो. आउटबोर्ड अर्धं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर द्या आणि ट्रान्सम हलतो का ते दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा.

त्यानंतर टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणे पडा. एखादं टोक उघडं असेल तर तार आतून चंदेरी आहे की तांबूस ते पाहा. चंदेरी म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते खाऱ्या हवेत टिकतं. साधं तांबं काळं-हिरवं पडत जातं. वायर दर 45 सेंटिमीटरला बांधलेली असावी, हा अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांचाच भाग आहे. जोडावर गरम करून आकसलेली नळी असावी. घरात वापरतात तशी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली वायर दिसली, तर ते काम कोणी केलं हे विचारा. कंपनीचं असेल तर तिथूनच परत फिरा. मधल्या मालकाचं असेल तर दुरुस्त करता येईल, फक्त त्याने आणखी कुठे हात घातलाय ते शोधावं लागेल.

आता मालकांना काय विचारायचं ते. ‘बोट कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘मस्त’ हेच उत्तर येईल. विचारा, की शेवटचा स्क्रू कोणता काढला आणि भोकातून काय आलं? उभ्या बोटीत बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, दिवसातून किती वेळा चालतो? बोट पाण्यातच असते की ट्रेलरवर, खाऱ्या पाण्यात की गोड्या? तक्रार करणाऱ्यालाही हेच विचारा. ‘भंगार आहे’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘तिसऱ्या वर्षी डावी खिडकी गळायला लागली, काढली तर मागे सीलंटच नव्हतं’ यातून मात्र नेमकी जागा मिळते, आणि तुम्ही ती तुमच्या बोटीवर जाऊन तपासू शकता. त्या मालकाला पुढे हेही विचारा की कंपनीने मग काय केलं. हमी बहुतेक वेळा मुख्य सांगाड्याचीच असते. जेलकोटच्या चिरा आणि गाद्या त्यात सहसा येत नाहीत, आणि दुसऱ्या मालकाकडे ती जाते की नाही, हे कागदावर वाचल्याशिवाय धरू नका.

दुसरी बोट घेताना मी विकणाऱ्याला एकच विनंती केली: ट्रान्समवरचे खालचे दोन स्क्रू माझ्यासमोर काढा, नंतर मी स्वतः सीलंट लावून बसवून देतो. त्याआधी दोन जणांनी याला साफ नकार दिला होता. हा काही न बोलता पेचकस घेऊन आला. स्क्रूला चांगलाच जोर लावावा लागला, आणि त्याच्या आट्यांमध्ये पांढरं सीलंट आणि फिकट पिवळा, कोरडा भुसा अडकून आला. ती बोट मी घेतली.