सुट्टीवरून येताना ऑफिसमधल्यांसाठी स्वस्तात काय आणावं?
सगळ्यांसाठी खाऊच आणा, पण सुट्या वेष्टनातला. एकेक बिस्किट वेगळं गुंडाळलेलं असलं की डबा टेबलावर ठेवून मोकळं होता येतं आणि रजेवर असलेल्याचा वाटाही टिकतो. पाकिटावर घटक नीट छापलेले बघून घ्या, कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असू शकते. मध, जॅम घेतलात तर चेक-इनच्या बॅगेत टाका. बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली अडवतात. फ्रिजवरची मॅग्नेट्स माझ्या मते नकोतच.

तुमच्या मागे ज्याने खरोखर काम सांभाळलं, त्याला मात्र वेगळं द्या. महाग काही नको. तिथलं पोस्टकार्ड घ्या आणि हाताने नेमकं लिहा: ‘तू रिपोर्ट वेळेत पाठवलास, म्हणून मला लॅपटॉप उघडावा लागला नाही.’ ते त्याला चारचौघांसमोर देऊ नका.