जादा कुमक आणि चिनी स्वयंसेवक

प्रश्न असा आला आहे: "कोरियन युद्धावरच्या एका लेखात 'चीनने उत्तर कोरियात स्वयंसेवकांची जादा कुमक पाठवली' असं वाचलं. हे लोक बंदुका घेऊन लढले, मग स्वयंसेवक कसे? 'स्वेच्छासैनिक' म्हणायला नको का? शिवाय नदीचं नाव यालु लिहावं की यालू?"

तुम्हाला 'स्वयंसेवक' खटकला; मी त्याच्या आधीच 'जादा'ला अडखळलो. कुठे मोर्चा निघो, कुठे दगडफेक होवो, 'पोलिसांची जादा कुमक मागवण्यात आली' हे वाक्य बातमीत आलंच म्हणून समजा. अहो, आधी असलेल्या फौजेला मागाहून येऊन मिळतं ते बळ म्हणजे कुमक. ती जादाच असते. हल्ली 'औषधांची कुमक', 'पाण्याच्या टँकरची कुमक' असंही कानावर पडतं. ती रसद. कुमक माणसांची.

या शब्दापुढे 'फारसी' एवढं लिहून बहुतेक जण हात झटकतात. तो अरबी असल्याचं ठासून सांगणारेही भेटतात. त्यांना त्याचा अरबी धातू विचारावा, म्हणजे चर्चा आटोपते. मूळ शब्द तुर्की कुळातला, 'कोमेक', म्हणजे मदत. कझाक किंवा अझरबैजानी माणूस आजही मदतीला हेच म्हणतो. फारसीने त्याचं 'कुमक' केलं, तिथून तो दख्खनेत उतरला आणि बखरींत असा रुळला की तो परका असल्याची शंकाही येऊ नये. चीनच्या शिनच्यांगमधल्या कझाक घरांतही हाच शब्द नांदतो. म्हणजे चीनने कोरियात पाठवलेल्या फौजेला 'कुमक' म्हणणारा मराठी लेखक चीनच्या हद्दीत बोलल्या जाणाऱ्या शब्दानेच चीनचं वर्णन करतो आहे. मला अशा गोष्टींनी दिवसभर पुरेल इतका आनंद होतो. इतरांना होत नाही, हे माहीत आहे.

आता स्वयंसेवक. त्या फौजेचं अधिकृत नाव 'चिनी जनस्वयंसेवक सेना'. कोरियात युद्ध पेटलं २५ जून १९५० ला. जुलैतच चीनने आपल्या ईशान्य सीमेवर सैन्य जमवलं. दक्षिण कोरियातल्या इंचॉन बंदरात अमेरिकी फौजा उतरल्या, मग दोन्ही कोरियांमधली सीमा असलेला ३८ वा अक्षांश ओलांडून उत्तरेकडे निघाल्या. ८ ऑक्टोबरला माओंनी त्या सीमारक्षक सैन्याचं नाव बदलून ते जनस्वयंसेवक सेना केलं आणि १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पंग द-ह्वाय यांच्या हाताखाली हे सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडू लागलं. निघण्याआधी टोपीवरचं आणि छातीवरचं मुक्तिसेनेचं, म्हणजे चीनच्या नेहमीच्या सैन्याचं, चिन्ह काढून ठेवायला सांगितलं होतं. सुमारे अडीच लाख माणसांनी एकाच आठवड्यात, आपापल्या तुकडीसकट, स्वेच्छेने शेजारच्या देशात जायचं ठरवलं, असा याचा सरळ अर्थ. तो कुणी खरा मानावा, अशी नाव ठेवणाऱ्यांचीही अपेक्षा नसावी. अमेरिकेशी उघड युद्ध पुकारायचं नव्हतं, तेवढ्यासाठी ही सोय.

पण या नावाची गंमत चिनी भाषेत आहे. 'स्वेच्छा' या अर्थाचा चिनी शब्द झियुएन. 'पाठिंबा, कुमक' या अर्थाचाही शब्द झियुएनच! लिपीतली चिन्हं निराळी आणि सूर निराळे: कुमकवाल्या शब्दात पहिलं अक्षर उंच आणि सपाट, दुसरं चढतं, स्वेच्छावाल्यात दोन्ही वरून खाली आपटतात. कुमकवाल्या 'युएन'च्या चिन्हात हात आहे, हात देऊन ओढून घेणारा. स्वेच्छावाल्या 'झि'च्या तळाशी हृदय आहे. त्याच्या डोक्यावर आज जे चिन्ह दिसतं ते मुळात 'जाणे' या अर्थाचं होतं. मन जिकडे जातं ते झि. आपल्या 'मनोगत'च्या इतका जवळ जाणारा चिनी शब्द मला तरी दुसरा ठाऊक नाही.

यावरून एक गोष्ट सांगितली जाते: आधी नाव कुमकवालं ठरलं होतं, ह्वांग यान-पेइ या वयोवृद्ध नेत्याने 'कुमक म्हटलं की सरकारने पाठवली असं होतं' असा आक्षेप घेतला आणि माओंनी स्वेच्छावालं नाव घेतलं. गोष्ट सुरेख आहे म्हणून ती जशीच्या तशी सांगणाऱ्यांनी माओंच्या २ ऑक्टोबरच्या तारेचा मसुदा काय म्हणून बाजूला ठेवला? स्टालिनसाठी लिहिलेल्या आणि त्या रूपात न धाडलेल्या त्या मसुद्यात 'स्वयंसेवक सेनेच्या नावाने' सैन्य पाठवण्याचं स्पष्ट लिहिलं आहे. एका सल्ल्याने दोन अक्षरांचे सूर बदलले आणि इतिहास घडला, ही कथेकऱ्याची आवड झाली.

शिवाय हा शब्द चीनला नवा नव्हता. १९४१ मध्ये जपानविरुद्ध लढायला अमेरिकी वैमानिक राजीनामे देऊन चीनमध्ये आले. 'फ्लाइंग टायगर्स' म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पथकाच्या चिनी नावात हेच झियुएन होतं, स्वेच्छावालं. ते पगारी होते आणि अमेरिकी सरकारच्या संमतीने आले होते. नऊ वर्षांनी चीनने तोच शब्द अमेरिकेला परत केला, असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नका, पण शब्दांना असा सूड आवडतो.

आणि खरी मौज कोरियनमध्ये. चिनीत निदान सूर वेगळे. कोरियनमध्ये या दोन्ही शब्दांचा उच्चार तंतोतंत एक: 'जिवॉन'. स्वयंसेवक सेना 'जिवॉनगुन', कुमकेची सेनाही 'जिवॉनगुन'. चिनी चिन्हं लिहिली तर फरक कळेल, पण उत्तर कोरियाने चिनी चिन्हं युद्धाआधीच छापणं सोडलं होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी ही फौज आली, त्यांना नुसत्या कोरियन अक्षरांवरून हे नाव स्वेच्छेचं की मदतीचं हे सांगताच येत नाही. दक्षिणेत हा घोळच नाही. तिथे 'जुंगगोंगगुन', चिनी कम्युनिस्ट सेना, असं रोखठोक नाव. म्हणून लेखातलं 'स्वयंसेवकांची कुमक' कोरियनमध्ये नेलं तर जिवॉनवर जिवॉन चढेल. लेखकाने नकळत द्विरुक्ती केली, आणि त्यावर 'जादा' घालून तिहेरी.

आता 'स्वेच्छासैनिक'. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा शब्द फार आवडतो. स्वयंसेवकाच्या हाती शस्त्र नसतं, तो संमेलनात बिल्ला लावून खुर्च्या मांडतो, असा त्यांचा मुद्दा. मग 'स्वेच्छासैनिक' म्हटल्याने काय साधलं? शस्त्राची अडचण गेली, खोटेपणा उलट दुप्पट झाला. 'स्वयंसेवक'मधलं 'स्वयं' निदान झिजलेलं आहे. मराठीत 'स्वयं' फार काळ टिकत नाही. स्वयंपाक पाहा. स्वतःचं अन्न स्वतः रांधणं, दुसऱ्याच्या हातचं न खाणं, हा मूळ अर्थ. आज आपण 'स्वयंपाकाला बाई आहे' म्हणतो आणि कुणाला काही विचित्र वाटत नाही. स्वयंवर पाहा. सीतेच्या स्वयंवरात धनुष्याचा पण लावला तो जनकाने, सीतेला कुणी विचारलं? ज्या भाषेत दुसऱ्याने केलेला स्वयंपाक आणि वडिलांनी ठरवलेलं स्वयंवर चालतं, तिथे सरकारने धाडलेला स्वयंसेवक का चालू नये? 'स्वेच्छा' मात्र अजून झिजलेली नाही. ती अशी स्वस्तात खर्चू नये.

कुणी 'शिलेदार' सुचवतात. तो स्वतःच्या घोड्यानिशी, स्वतःच्या हत्यारानिशी येई. मुळात 'सिलाह' म्हणजेच हत्यार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्या हिशेबाने हे चिनी सैनिक निखालस बारगीर.

आणि स्वेच्छेची खरी परीक्षा याच फौजेच्या वाट्याला आली. युद्धविरामाची बोलणी वर्षभराहून अधिक अडली ती कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध मायदेशी पाठवायचं का, या प्रश्नावर. २७ जुलै १९५३ ला करार झाला (त्यात चिनी बाजूचं पदनाम 'जनस्वयंसेवकांचे सेनापती' असंच आहे) आणि परत जायला नकार देणारे कैदी तटस्थ म्हणून नेमलेल्या भारतीय फौजेच्या ताब्यात आले. त्या फौजेचे प्रमुख आपले कोल्हापूरचे मेजर जनरल थोरात. अशा सुमारे २२,६०० कैद्यांत १४,७०० चिनी होते. छावण्यांत कम्युनिस्टविरोधी टोळ्यांची दहशत होती, अंगावर घोषणा गोंदवलेल्या होत्या. तिथे खरी इच्छा कुणाची आणि दटावणी कुणाची, हे ओळखणं दुरापास्त होतं. त्या चिन्यांपैकी १४,००० हून अधिक जण जानेवारी १९५४ मध्ये तैवानला गेले. बरेच जण मुळात माओंचा प्रतिस्पर्धी आणि हरल्यावर तैवानला गेलेल्या च्यांग कै-शेकच्या सैन्यातून आलेले होते, हेही लक्षात ठेवावं.

राहिलेली फौज लगेच परतली नाही. १९५८ च्या ऑक्टोबरपर्यंत ती उत्तर कोरियात होती, आणि बॉम्बफेकीने सपाट झालेल्या देशात घरं, पूल, बंधारे, कालवे बांधत होती. चिनी सरकारी आकड्यांत पूल चार हजारांवर आणि घरांच्या खोल्या पंचेचाळीस हजारांवर आहेत. सरकारी आकडे आहेत, त्या मानाने घ्यावेत. बंदूक बाजूला ठेवून बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या माणसाला मराठी वाचक बिनतक्रार स्वयंसेवक म्हणेल. तोही हुकमानेच टाकत होता, ही गोष्ट निराळी.

तेव्हा विशेषनाम म्हणून 'चिनी जनस्वयंसेवक सेना' लिहावं, हवं तर पहिल्यांदा अवतरणात. एरवी 'चिनी सैन्य'. वाक्य असं होईल: 'चीनने उत्तर कोरियाला कुमक पाठवली.' कुमक स्त्रीलिंगी. 'कुमक पोहोचला' लिहिणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

नदी यालू. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ. कोरियन लोक तिला अम्नोक म्हणतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.