घातांक कुठून आला, ते आधी सांग

कोपरी, ठाणे (पूर्व)

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

ऐरोलीहून तू पाठवलेला, भाषा-प्रारूपांच्या (मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या) प्रयोगांचा आलेख पाहिला. लॉग-लॉग मापावर (जिथे दोन्ही अक्षांवर समान अंतर म्हणजे समान पट, आणि रेषेचा चढ म्हणजेच घातांक) चार बिंदू एका रेषेत आले, चढ 0.7 निघाला, आणि तू त्याला नियम म्हणून मोकळी झालीस. आडव्या अक्षावर ते बिंदू दहापटीचाही पल्ला व्यापत नाहीत. एवढ्या अंतरात बहुतेक वक्ररेषा सरळच दिसतात. प्राण्यांचा चयापचय वस्तुमानाच्या सुमारे पाऊण घाताने वाढतो, हे जीवशास्त्रज्ञ माक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये मांडले. पुढे त्या रेषेवर उंदरापासून हत्तीपर्यंतचे प्राणी आले, तरी घातांक 3/4 मानावा की पृष्ठफळावरून येणारा 2/3, हा वाद पुरता मिटलेला नाही.

घातांक मोजणीआधीच तर्काने हाती असणे ही निराळी गोष्ट. भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी अणुस्फोटाच्या गोळ्याची त्रिज्या काळाच्या 2/5 घाताने वाढेल, हे केवळ ऊर्जा, काळ आणि हवेची घनता यांच्या मितींवरून, म्हणजे त्यांची एकके कशी जुळतात यावरून, काढले. 1945च्या अणुचाचणीची छायाचित्रे त्या रेषेवर बसली, आणि त्यांवरून स्फोटाची ऊर्जाही काढता आली.

मी पाण्याचा माणूस, म्हणून तुझ्या-माझ्यामधल्या खाडीचेच उदाहरण देतो. ठाण्याच्या खाडीची 1:100 प्रतिकृती केली आणि फ्राउड अंक (प्रवाहाचा वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचे गुणोत्तर सांगणारा अंक) जुळवला, तर वेग दहापट कमी होतो आणि 12 तास 25 मिनिटांचे भरती-ओहोटीचे चक्र सुमारे सव्वा तासात आटोपते. मात्र त्याच वेळी रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर आणि द्रवाची श्यानता, म्हणजे चिकटपणा, यांचे गुणोत्तर) हजारपट घसरतो, आणि तो सावरायला पाण्याहून हजारपट कमी श्यानतेचा द्रव लागेल, जो कुठेही मिळत नाही. शिवाय जिथे पाणी दोन मीटर आहे, तिथे प्रतिकृतीत ते दोन सेंटिमीटर उरते. म्हणून उभे माप आडव्याइतके लहान न करता प्रतिकृती मुद्दाम विकृत करावी लागते. (गाळाचे तर विचारूच नकोस, चिखलाचे कण शंभरपट बारीक करून भागत नाही.) सगळे एकदम जुळत नाही, हे जहाजअभियंता विल्यम फ्राउड यांनी 1870च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृती ओढताना ओळखले होते, त्यांनी घर्षणाचा रोध वेगळा मोजला आणि फक्त लाटांचा रोध मापाच्या नियमाने वाढवला. काय जुळवले आणि काय सोडले, हे लिहून ठेवल्याशिवाय त्यांच्या आकड्यांना अर्थ नव्हता.

तुझ्या क्षेत्रातही हेच घडले आहे. भाषा-प्रारूपांच्या 2020च्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की गणनशक्ती वाढेल तसे प्रारूप विदेपेक्षा (शिकवण्यासाठीच्या मजकुरापेक्षा) बरेच वेगाने मोठे करावे. 2022च्या अभ्यासाने दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात वाढवावीत असे दाखवले. रेषा दोन्ही वेळा सरळच होत्या. फरकाचे एक कारण असे सांगितले गेले की आधीच्या प्रयोगांत शिकण्याच्या दराचे वेळापत्रक (प्रत्येक पायरीला प्रारूप किती बदलू द्यायचे, ते कसे कमी करत न्यायचे) प्रत्येक प्रशिक्षणाच्या लांबीनुसार बदललेले नव्हते.

तेव्हा पुढचा खर्च मोठ्या प्रयोगावर करू नकोस. शंभरपट लहान प्रारूपांपासून बिंदू घे, प्रत्येक बिंदूपुढे काय स्थिर ठेवले ते नोंदव, आणि सर्वांत मोठा बिंदू बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्याचे भाकीत कर. ते चुकले, तर किती आणि कोणत्या बाजूला, तेवढे कळव.

तुझा,
सर