उतारावरचे ब्लॉक: सुरुवात करताय ना, मग एवढंच बघा

आधी एक सांगतो, फॉर्म्युला पाठ करू नका, प्रत्येक ब्लॉकची वेगळी आकृती काढा आणि त्याच्यावरचे फोर्स दाखवा, निम्मं गणित तिथेच सुटतं.

उदाहरण घ्या: 30 अंशाच्या गुळगुळीत उतारावर 4 किलोचा ब्लॉक, दोरी पुलीवरून जाऊन पलीकडे 3 किलोचा लटकतोय. जी (गुरुत्व त्वरण) 10 धरा. उताराच्या दिशेने खाली ओढ 40 साइन 30 म्हणजे 20 न्यूटन, पलीकडे 30. फरक 10, एकूण वस्तुमान 7, म्हणून त्वरण साधारण 1.43. आता बहुतेक जण दोरीतला ताण 30 लिहून मोकळे होतात आणि इथेच मार्क जातात! लटकणारा खाली वेग घेतोय म्हणजे ताण 30 पेक्षा कमीच हवा, तो येतो 25.7. ताण 20 आणि 30 च्या मधे आला की समजा गाडी रुळावर आहे.

नेहमीच्या चुका:
- साइन-कॉसची अदलाबदल. कोन शून्य करून बघा, सपाट जमिनीवर घसरण शून्य, म्हणजे साइनच.
- नॉर्मल फोर्स (उतार ब्लॉकला काटकोनात ढकलतो तो) सरळ एमजी, म्हणजे पूर्ण वजन, धरणं. उतारावर तो एमजी कॉस असतो, इथे 40 कॉस 30, म्हणजे 34.6.
- घर्षण दिलं की डोळे झाकून वजा करणं. आधी हलतंय का ते तपासा! वरच्याच गणितात स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.4 असेल तर जास्तीत जास्त घर्षण 0.4 गुणिले 34.6 म्हणजे 13.9 आणि ओढ फक्त 10, म्हणजे काहीच हलणार नाही, त्वरण शून्य.

पुलीचं वस्तुमान, सरकणारा वेज वगैरे आत्ता बाजूलाच ठेवा. अशी साधी दहा-बारा सोडवा, अडलात तर आकृतीसकट विचारा.